शाळेतून आलेल्या मुलांचे मधल्या वेळचे खाणे: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी डोंबिवलीत १४ वर्षे पाळणाघर चालवले. दुपारच्या शाळेची मुले संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास रिक्षातून उतरत आणि त्यांचे आईवडील लोकलने साडेसात-आठपर्यंत पोहोचत. या मधल्या दोन तासांत आठ-दहा भुकेल्या मुलांना पोटाला आधार होईल आणि जिभेलाही रुचेल असे काही देणे हे माझे रोजचे काम होते. त्या कामात एक गोष्ट मला फार लवकर कळली. मूल दारात आल्यावर विचार सुरू केला, तर खाणे तयार होईपर्यंत ते बिस्किटांचा अर्धा पुडा संपवते आणि मग पुढ्यात आलेल्या थालीपिठाकडे पाहतही नाही. मधल्या वेळचे खाणे संध्याकाळी फक्त पूर्ण करायचे असते. त्याची सुरुवात सकाळच्या पोळ्यांबरोबर किंवा रविवारी दुपारी झालेली असावी लागते.

हे लिखाण स्वयंपाकघरात नवख्या असलेल्यांसाठी आहे, मग ते नुकतेच मुलांची जबाबदारी घेतलेले वडील असोत, नातवंडांकडे राहायला आलेले आजोबा असोत किंवा नोकरी आणि घर यांचा मेळ प्रथमच बसवणारी आई असो. इथे वाटी म्हणजे आमटीची मध्यम वाटी, आणि चमचा म्हणजे, वेगळे सांगितले नसेल तेव्हा, पोहे खाण्याचा चमचा असे समजावे.

पहिली दहा मिनिटे

शाळेतून आलेल्या मुलाला भुकेइतकीच तहान लागलेली असते, कारण बाटली भरून दिलेले पाणी बहुतेक वेळा तसेच परत येते. म्हणून हातपाय धुऊन झाल्यावर आधी पाणी द्यावे. उन्हाळ्यात त्याऐवजी पातळ ताक, कोकमाचे किंवा लिंबाचे सरबत द्यावे. चहा मात्र देऊ नये, कारण जेवणाखाणाबरोबर घेतलेल्या चहामुळे अन्नातले लोह अंगी लागण्यास अडथळा येतो. पाण्यानंतर लगेच हातात देता येईल असा एखादा घास तयार ठेवावा: अर्धे केळे, पेरूच्या दोन फोडी किंवा शेंगदाण्याचा एक लाडू. एवढ्याने मूल शांत होते आणि आपल्याला गॅसपाशी दहा-पंधरा मिनिटे मिळतात.

“खायला काय करू?” असा मोकळा प्रश्न भुकेल्या मुलाला विचारू नये, कारण त्याला तेव्हा ते सुचत नाही आणि उत्तर हमखास विकतच्या पुड्याचे येते. “फोडणीची पोळी करू की दडपे पोहे?” असे विचारावे, दोन्ही पदार्थांची तयारी आपल्याकडे झालेली असावी. रात्रीचे जेवण साडेआठच्या सुमारास असेल, तर हे खाणे साडेसहापर्यंत उरकावे. सात-आठ वर्षांच्या मुलाला एक वाटीभर पदार्थ किंवा एक मध्यम थालीपीठ पुरते. त्याहून जास्त भूक रोजच दिसत असेल, तर शाळेतला डबा खरोखर खाल्ला जातो आहे का, याची शांतपणे चौकशी करावी.

रविवारची तयारी

सर्वांत आधी शेंगदाणे भाजायला शिकावे, कारण मधल्या वेळचे निम्मे पदार्थ त्यांच्यावर उभे आहेत. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि इतक्या कमी पैशांत इतका आधार देणारे दुसरे काही घरात सहसा नसते. अर्धा किलो शेंगदाणे निवडून घ्यावेत. सुरकुतलेले, काळपट पडलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निःसंकोच फेकावेत, कारण त्या बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत १२ ते १५ मिनिटे भाजावे. दाणा बोटांत चोळल्यावर साल सुटू लागले आणि इकडेतिकडे तपकिरी ठिपके दिसू लागले की गॅस बंद करून दाणे लगेच ताटात काढावेत. नवखा माणूस ते कढईतच राहू देतो आणि तापलेल्या कढईत ते पुढे भाजत राहून कडवट होतात. गार झाल्यावर निम्म्यांचे जाडसर कूट करून बाटलीत भरावे आणि उरलेले तसेच ठेवावेत.

त्याच दाण्यांचे लाडू करायला गॅसही लागत नाही. साले काढलेले दोन वाट्या भाजके दाणे आणि एक वाटी किसलेला मऊ गूळ घ्यावा (चिक्कीचा गूळ घेऊ नये, तो कडक होतो). दाणे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून जाडसर भरडावेत, मग गूळ आणि चिमूटभर वेलदोड्याची पूड घालून पुन्हा दोन-तीन वेळा फिरवावे. दाण्यांना किंचित तेल सुटून मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा धरू लागले की थांबावे. लिंबाहून लहान असे १४-१५ लाडू होतात आणि हवाबंद डब्यात आठवडाभर सहज टिकतात. दाण्यांबाबत दोन सूचना मात्र काटेकोर पाळाव्यात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांना कूटच द्यावे आणि तेही बसवून. दुसरे म्हणजे, मुलाचा मित्र घरी आला असेल तर त्याला दाणे चालतात का, हे त्याच्या पालकांना विचारूनच लाडू हातात द्यावा.

रविवारी आणखी एक गोष्ट करून ठेवता येते, ती म्हणजे भडंग. सांगली-कोल्हापूरकडची मुले ज्यावर वाढतात तो हा पदार्थ कोरडा असल्यामुळे डब्यात पंधरा दिवस राहतो. पाव किलो चुरमुरे कढईत कोरडेच गरम करून कुरकुरीत करून बाजूला काढावेत. पाच-सहा चमचे तेलात मोहरी, ठेचलेल्या दहा-बारा लसूण पाकळ्या आणि पुसून कोरडा केलेला कढीपत्ता घालावा. लसूण आणि कढीपत्ता पुरते कुरकुरीत होईपर्यंत धीर धरावा. त्यांत ओल राहिली तर दुसऱ्याच दिवशी सगळे चुरमुरे नरम पडतात आणि दोष डब्याला दिला जातो. मग शेंगदाणे, डाळे आणि हिंग घालून गॅस बंद करावा, त्यानंतरच हळद, तिखट आणि मीठ घालावे, म्हणजे तिखट जळत नाही. शेवटी चुरमुरे, दोन चमचे मेतकूट आणि एक चमचा पिठीसाखर घालून हलक्या हाताने कालवावे. खायला देताना वरून कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घातले की दोन मिनिटांत ताटली तयार होते. हे एकट्याने पोट भरणारे खाणे नव्हे, त्यामुळे त्यासोबत कपभर दूध किंवा एखादे उकडलेले अंडे असावे.

सकाळच्या पोळीपासून

नवख्या माणसाने पहिला गरम पदार्थ कोणता करावा असे मला कोणी विचारले, तर मी फोडणीच्या पोळीचे नाव घेते. ती बिघडणे अवघड आहे, तिला लागणारे सगळे घरात असते आणि सकाळी चार पोळ्या जास्त लाटल्या की संध्याकाळचा प्रश्न तिथेच सुटतो. काही घरांत तिला कुस्करा म्हणतात, काही घरांत माणिकमोती. तिखटमीठ घराघरांत बदलते, पण रीत एकच आहे.

तीन-चार मुलांसाठी सहा पोळ्या घ्याव्यात. त्या हाताने तोडून मिक्सरमध्ये दोन-तीन झटके द्यावेत. चुरा शेंगदाण्याएवढा राहायला हवा, कारण पीठ झाले तर फोडणीत त्याचा लगदा होतो. मुले मोठी असतील तर हे काम त्यांच्याकडून हातानेच करून घ्यावे, ते त्यांना आवडते. पोळ्या फार कोरड्या असतील तर चुऱ्यावर दोन चमचे ताक शिंपडून झाकून ठेवावे. कढईत दोन चमचे तेल तापवावे. तेल तापले की नाही हे कळण्यासाठी मोहरीचे दोन दाणे टाकून पाहावेत, ते लगेच तडतडले तरच उरलेली मोहरी घालावी. कच्च्या तेलात पडलेली मोहरी तडतडत नाही, नुसती भिजते, आणि तिचा कडूपणा शेवटपर्यंत राहतो. मोहरीनंतर जिरे, हिंग, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे आणि मुलांना सोसेल तितकी मिरची घालावी. दाणे लालसर झाले की दोन बारीक चिरलेले कांदे घालून ते पारदर्शक होईपर्यंत परतावेत. आता अर्धा चहाचा चमचा हळद, मीठ आणि चिमूटभर साखर घालून लगेच चुरा घालावा. पोळीत आधीच थोडे मीठ असते, हे ध्यानात ठेवून मीठ बेतानेच घालावे. सगळे नीट हलवून मंद आचेवर झाकण ठेवावे आणि चार मिनिटे वाफ आणावी. झाकण काढल्यावर चुरा मऊ, मोकळा आणि सगळीकडे पिवळा दिसला पाहिजे. वरून लिंबू पिळून कोथिंबीर घालावी आणि सोबत वाटीभर दही द्यावे. कांद्याबरोबर किसलेले गाजर किंवा बारीक चिरलेला कोबी परतला, तर भाजीला नाक मुरडणारे मूलही तक्रार न करता खाते. मी हे कितीतरी वेळा पाहिले आहे.

गोड हवे असेल तर त्याच पोळीचा लाडू होतो. दोन पोळ्या तव्यावर पुन्हा गरम करून गरम असतानाच चुराव्यात, त्यात दोन चमचे किसलेला गूळ आणि एक चमचा साजूक तूप घालून मळावे आणि लाडू वळावेत. पोळी गार असेल तर गूळ मिसळत नाही आणि लाडू फुटतो. एवढीच एक अट आहे. घाई असेल तेव्हा पोळीला तूप लावून गूळ पसरावा आणि तिची सुरळी करून द्यावी.

शिळ्या पोळीबद्दल लिहिताना शिळ्या भाताबद्दल सावध करणे आवश्यक आहे. सकाळचा भात दुपारभर ओट्यावर राहू देऊन संध्याकाळी त्याला फोडणी देणारी घरे मी पाहिली आहेत. आपल्याकडच्या उकाड्यात अशा भातात जे जंतू वाढतात, त्यांचे विष पुन्हा गरम केल्यावरही उरू शकते आणि मुलांना उलट्या-जुलाब होतात. फोडणीचा भात करायचा असेल, तर सकाळचा भात वाफ गेल्याबरोबर, तासाभराच्या आत, फ्रिजमध्ये ठेवावा आणि संध्याकाळी चांगली वाफ आणूनच द्यावा.

पोहे, भिजवून आणि दडपून

पोहे हा पदार्थ लवकर होतो, याचे कारण तो आधीच शिजलेला असतो. साळ, म्हणजे टरफलासकटचा तांदूळ, भिजवून, तापवून मग चपटा केलेला असल्याने त्याला फक्त ओल आणि वाफ लागते. कांदेपोह्यांसाठी जाड पोहे घ्यावेत, चाळणीत घालून नळाखाली धुवावेत, पाणी निथळू द्यावे आणि दहा मिनिटे तसेच ठेवावेत. भांड्यातल्या पाण्यात भिजत ठेवलेल्या पोह्यांचा गोळा होतो, आणि नवख्यांचे पोहे बहुधा इथेच बिघडतात. दाणा दोन बोटांत दाबल्यावर सहज मोडला म्हणजे ते फोडणीसाठी तयार झाले. पुढची फोडणी पोळीसारखीच करावी. पोह्यांवर नेहमी लिंबू पिळावे. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते, म्हणजे ती फोड केवळ शोभेची नाही.

दडपे पोहे ही कोकणची देणगी आहे आणि संध्याकाळच्या खाण्यासाठी मला ते कांदेपोह्यांहूनही सोयीचे वाटतात, कारण त्यांचे बहुतेक काम मूल यायच्या आधीच होते. दोन वाट्या पातळ पोह्यांत अर्धी वाटी ओले खोबरे, एक बारीक चिरलेला कांदा, एक टोमॅटो किंवा कोचवलेली काकडी, मीठ, अर्धा चहाचा चमचा साखर आणि एका लिंबाचा रस घालून हाताने कालवावे. नारळाचे पाणी असेल तर त्याचा हबका मारावा, नसेल तर साधे पाणी चालेल, पण दोन-तीन चमच्यांहून जास्त नको. त्यावर ताटली ठेवून वर जड वाटी ठेवावी आणि पंधरा-वीस मिनिटे दडपून ठेवावे. खोबरे, कांदा आणि टोमॅटो यांच्या रसातच पोहे मऊ होतात. खायच्या वेळी चमचाभर तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरची आणि शेंगदाणे यांची फोडणी करून वर ओतावी, आणि भाजलेला पोह्याचा पापड चुरून घालावा.

तव्यावरचे

थालीपिठाची भाजणी विकत मिळते आणि सुरुवातीला तीच आणावी. पुढे हात बसला की ज्वारी दोन वाट्या, बाजरी, तांदूळ, गहू आणि हरभराडाळ प्रत्येकी एक वाटी, उडीदडाळ अर्धी वाटी, धणे पाव वाटी आणि जिरे एक चमचा हे सगळे वेगवेगळे खमंग भाजून गिरणीतून दळून आणावे. धान्य आणि डाळ एकत्र आल्यामुळे एकाच्या प्रथिनांतली उणीव दुसरे भरून काढते.

दोन वाट्या भाजणीत एक बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हळद, तिखट, मीठ आणि एक चमचा तीळ घालून लागेल तसे कोमट पाणी घालत पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवावे. घट्ट पिठाचे थालीपीठ कडक होते. नवख्याने ते गरम तव्यावर थापण्याचा प्रयत्न करू नये. ओला करून पिळलेला सुती रुमाल पोळपाटावर पसरावा, त्यावर लिंबाएवढ्या दोन गोळ्यांइतके पीठ ठेवून बोटे पाण्यात बुडवत थापावे, मध्ये एक आणि कडेने चार भोके पाडावीत आणि रुमालासकट उचलून तेल सोडलेल्या तव्यावर उलटे टाकावे. रुमाल एका कडेने हलकेच सोडवावा. भोकांत थेंब थेंब तेल सोडून झाकण ठेवावे, मध्यम आचेवर चार मिनिटांनी उलटावे आणि दुसरी बाजू झाकण न ठेवता भाजावी. पहिले फाटले तरी हरकत नाही. तिसऱ्यापर्यंत हात वळतो. वर लोण्याचा गोळा आणि बाजूला दही, एवढे असले की मुले दुसरे काही मागत नाहीत.

भाजणी नसेल त्या दिवशी धिरडे करावे. एक वाटी बेसनात दोन चमचे तांदळाचे पीठ, ओवा, हळद, मीठ, बारीक चिरलेला पालक किंवा कांदा घालून पाऊण वाटीच्या आसपास पाणी थोडे थोडे मिसळत गुठळ्या मोडाव्यात. पीठ पळीतून सलग पडले पाहिजे. सकाळी आठवण राहिली तर एक वाटी हिरवे मूग भिजत घालून जावे आणि संध्याकाळी आले-मिरचीसह वाटून त्यांची धिरडी करावीत.

नाचणीचे पीठही घरात असू द्यावे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि दूध न पिणाऱ्या मुलांसाठी तिचा मोठा उपयोग होतो. दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवून मगच उकळत्या पाण्यात सोडावे, चकाकी येईपर्यंत चार-पाच मिनिटे ढवळावे आणि कोमट झाल्यावर ताक, मीठ, जिरेपूड घालून द्यावे. दूध चालत असेल तर ताकाऐवजी दूध आणि गूळ.

ऋतूप्रमाणे मिळणाऱ्या गोष्टींना तर काही करावेच लागत नाही. मक्याची कणसे, ओल्या भुईमुगाच्या शेंगा आणि रताळी मीठ घालून कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्यांत उकडतात. थंडीत हिरव्या हरभऱ्याचे सोलाणे तव्यावर परतून द्यावेत.

घरी कोणी नसते तेव्हा

किल्ली गळ्यात घालून शाळेत जाणारी मुले आता पुष्कळ आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी मुले पाचवी-सहावीत गेल्यावर तशीच घरी राहू लागली. त्यांच्यासाठी आई-वडिलांच्या मनात सर्वांत जास्त काळजी असते, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. एकट्या मुलाला गॅस पेटवू देऊ नये. त्याच्यासाठी खाणे एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या डब्यात आणि रोज त्याच फळीवर ठेवावे, म्हणजे ते शोधत बसत नाही आणि खुर्चीवर चढत नाही.

ओट्यावरच्या डब्यात कोरडे पदार्थ असावेत: भडंग, दाण्याचे लाडू, राजगिऱ्याची वडी, केळे. फ्रिजच्या एकाच कप्प्यात गार खायचे पदार्थ ठेवावेत: सालासकट उकडलेली अंडी, दह्याची वाटी आणि शेजारी पातळ पोह्यांची पुडी. दह्यात पोहे, मीठ, साखर आणि चमचाभर मेतकूट कालवून पाच मिनिटे ठेवले की दहीपोहे होतात; हे नऊ-दहा वर्षांचे मूल न शिकवताही करते, पण आपण दोनदा त्याच्याबरोबर करून दाखवावे. सकाळी निघताना दडपे पोहे फोडणीसकट करून डब्यात भरून गेले तरी चालतात, मात्र त्यात ओले खोबरे असल्यामुळे ते फ्रिजमध्येच ठेवावेत आणि त्याच संध्याकाळी संपवावेत. तूप-गुळाच्या पोळीची सुरळी बाहेरही संध्याकाळपर्यंत चांगली राहते.

डब्यावर चिकटपट्टीने आत काय आहे ते लिहावे. माझ्याकडे पूर्वी येणारी एक मुलगी सहावीत गेल्यावर एकटी राहू लागली, तेव्हा तिची आई रोज त्या पट्टीवर पदार्थाच्या नावाखाली एक ओळ लिहून जात असे, आणि ती मुलगी डबा उघडण्याआधी ती ओळ वाचत असे.